हार्ड डिस्क उडवली, मग टेस्टडिस्क आणि फोटोरेक वापरून बघितलं

आधीच सांगतो, हा कुठल्या कंपनीनं पाठवलेल्या वस्तूचा रिव्ह्यू नाही, उडालेल्या फायली परत काढणारे हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत आणि मी ते हौसेनं नाही, घाम फुटल्यावर डाउनलोड केले. सांगलीजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांती, बारसं, श्रद्धांजलीचे फ्लेक्स, पतसंस्थेचे अहवाल, सगळं कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये. २०१९ च्या महापुरात दोन सीपीयू पाण्यात गेले, तेव्हापासून सगळं काम १ टीबीच्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आणि ती रात्री वरच्या मजल्यावर घरात. त्या डिस्कला आम्ही घरात 'बॅकअप' म्हणायचो. बॅकअप कशाचा तर कशाचाच नाही, मूळ माल तोच होता, दुसरी कॉपीच नव्हती. हे मला त्या दिवशी कळलं.

झालं असं की दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर विंडोज टाकायची होती म्हणून पेन ड्राइव्ह बूटेबल करायला बसलो. डिस्कपार्ट (विंडोजमधलंच, डिस्क पुसायचं, विभागायचं हत्यार) उघडलं, लिस्ट डिस्क मारलं, सिलेक्ट डिस्क १, क्लीन. हातानं सवयीनं टाइप केलं, कारण एरवी त्या मशीनवर पेन ड्राइव्हला १ नंबर येतो. त्या दिवशी हार्ड डिस्क आधीपासून लावलेली होती, १ नंबर तिचा आणि पेन ड्राइव्ह २. स्क्रीनवर ९३१ जीबी असं स्पष्ट लिहिलेलं (१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ च दिसते), मी बघितलंच नाही. क्लीनला एक सेकंद लागला, 'खात्री आहे का' वगैरे काही विचारत नाही ते. परत लिस्ट मारली तर ९३१ पैकी ९३१ मोकळी.

इथं थांबलो असतो तर हा रिव्ह्यू चार ओळीत संपला असता.

पण थांबतो कोण. डिस्क काढून परत लावली, विंडोजनं इनिशियलाइज करा म्हणून सांगितलं, भाचा शेजारी बसलेला, तो म्हणाला, "मामा, फॉरमॅट मागतंय, देऊ का ओके?" मी म्हणलं दे, बघू काय होतंय. क्विक फॉरमॅट झाला, डिस्क रिकामी आणि एकदम झकास चालू. मग ती नीट चालतीय का हे 'चेक' करायला मी स्वतःच्या हातानं दुसऱ्या मशीनवरचा क्लिपआर्टचा फोल्डर तिच्यावर कॉपी केला. ८ जीबी. साधारण ६० हजार बारीक बारीक फायली, गणपती, कलश, तोरण, मोर, सनई चौघडा. का केलं विचारू नका, बायकोनं विचारून झालंय.

आता प्रोग्रॅमांकडे येतो, पण त्याआधी आत काय होतं ते सांगायलाच लागतंय, नाहीतर कुठला प्रोग्रॅम का चालला आणि का नाही हे कळणार नाही. आमच्याकडच्या भाषेत सांगतो. डिस्क म्हणजे शिवार. डिस्कचे पाडलेले भाग म्हणजे पार्टिशन, आणि पार्टिशन टेबल म्हणजे गावचा गट नकाशा, कुठला गट कुठनं कुठपर्यंत. एनटीएफएसमध्ये (विंडोजची डिस्कवर फायली मांडून ठेवायची पद्धत) एमएफटी नावाची एक यादी असते, ती म्हणजे सातबारे, प्रत्येक फाईलचं नाव काय, कुठल्या फोल्डरातली, जमिनीवर नेमकी कुठं आहे. क्लीन मारलं की नकाशा फाटतो, बस. शिवार तसंच, सातबारे तसेच, पीक उभं. क्विक फॉरमॅट मारला की नवीन कोरं सातबाऱ्याचं रजिस्टर येतं आणि ते जुन्याच्या जागेवरच सुरू होतं, पण सुरुवातीची थोडीच पानं जातात. आणि मग त्याच्यात ६० हजार नवीन नोंदी केल्या की, प्रत्येक नोंद १ केबीची, जुन्या रजिस्टरची ६० हजार पानं खाली गाडली जातात. म्हणजे माझ्या ८ जीबीनं ९३१ जीबीच्या शिवारातली जमीन फारशी खाल्ली नाही, पण सातबारे जवळपास सगळे खाल्ले. एकच मोठी ८ जीबीची फाईल कॉपी केली असती तर एवढं नुकसान झालं नसतं. हे मला कुणी सांगितलं नाही, रात्री दोन वाजता वाचत बसलो तेव्हा समजलं आणि परत घाम फुटला.

तर टेस्टडिस्क. हा गट नकाशा परत काढणारा, म्हणजे मोजणीवाला. डिस्कभर हिंडून हद्दीचे दगड शोधतो, पार्टिशनच्या सुरुवातीचा सेक्टर (डिस्कचा बारका तुकडा), एनटीएफएस असेल तर त्याची शेवटाला ठेवलेली कॉपी, आणि त्यावरून सांगतो की इथं इथपासून इथपर्यंत एक पार्टिशन होतं. इन्स्टॉल करायचं नाही, झिप उघडायची आणि अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. काळी खिडकी येते, माऊस चालत नाही, बाणाची बटणं आणि एंटर. आमच्या दुकानातला पोरगा ते बघून म्हणाला हे व्हायरसवाणी दिसतंय. पण माझ्या डिस्कवर त्याला एकच पार्टिशन सापडलं, भाच्यानं केलेलं नवीन, आत क्लिपआर्ट. बरोबरच आहे, जुने दगड उपटून त्याच जागी आम्हीच नवीन रोवले होते. त्याची चूक नाही.

मग मला राहवलं नाही, घरात एक १६० जीबीची जुनी डिस्क पडलेली, तिच्यावर थोडे फोटो होते, कॉपी काढून ठेवली आणि मुद्दाम डिस्कपार्टनं क्लीन मारली. फक्त क्लीन, पुढं काही नाही. टेस्टडिस्क लावलं, अनालाइज, क्विक सर्च, हिरव्या अक्षरात जुनं पार्टिशन हजर. पी दाबलं की आतल्या फायलींची यादी दिसते, नावासकट, ती बघून खात्री करायची आणि मगच राइट करायचं (राइट म्हणजे डिस्कवर लिहिणार, इथं घाई नको, यादी बरोबर दिसत नसेल तर लिहू नका). डिस्क काढून परत लावली, सगळं जागच्या जागी. चहा गार व्हायच्या आत झालं. म्हणजे माझी पहिली चूक दहा मिनिटांची होती. पंधरा दिवस गेले ते दुसऱ्या चुकीचे, 'बघू काय होतंय' च्या.

राहिलं फोटोरेक. टेस्टडिस्कबरोबर त्याच झिपमध्ये येतं, क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या माणसानं लिहिलंय, दोन्ही ओपन सोर्स. फोटोरेक सातबारे बघतच नाही. ते बांधावरनं हिंडत जातं, ऊस दिसला की ऊस लिहितं, हळद दिसली की हळद. मालक कोण ते त्याला माहीत नाही. म्हणजे प्रत्येक प्रकारच्या फाईलची सुरुवात ठरलेली असते, जेपीजी असेल तर पहिले बाइट एफएफ डी८ एफएफ असे, पीडीएफचं वेगळं, कोरलचं वेगळं, ते दिसलं की तिथून फाईल उचलायची आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवायची. असे ४८० च्या वर एक्स्टेन्शन त्याला ओळखता येतात. नाव फोटोरेक असलं तरी फोटोपुरतं नाही, मला त्यातनं सीडीआर, म्हणजे कोरलच्या फायली, पाहिजे होत्या आणि त्या यादीत होत्या हे बघून जीवात जीव आला. आणि ज्या डिस्कमधून काढायचंय तिच्यावर ते काहीही लिहीत नाही, फक्त वाचतं. काढलेला माल मात्र दुसऱ्याच डिस्कवर ठेवायचा, त्याच डिस्कवर ठेवलात तर एकीकडे काढताय आणि दुसरीकडे गाडताय. माझ्याकडं मोकळी डिस्क नव्हती, २ टीबीची नवी आणली, या सगळ्या फुकटच्या कामाचा खर्च म्हणजे ती डिस्क.

वापरायचं कसं, तर काळी खिडकी नको असेल तर त्याच फोल्डरात क्यूफोटोरेक आहे, माऊसवालं, तेच वापरा, उगाच शूरपणा नको. एक गोष्ट सगळ्यात आधी करा, फाईल फॉरमॅटच्या यादीत जाऊन सगळ्या खुणा काढून टाका आणि तुम्हाला पाहिजे तेवढेच प्रकार ठेवा. मी पहिल्यांदा तसंच चालवलं तर टेक्स्ट फायलींचा पाऊस पडायला लागला, ब्राउझरचा कचरा, कुठल्या प्रोग्रॅमच्या सेटिंगा, तासाभरात हजारो. थांबवून परत केलं, सीडीआर, जेपीजी, पीडीएफ, झिप एवढंच ठेवलं (झिप का ते पुढं सांगतो). आणि फक्त मोकळी जागा शोधायची का सगळी डिस्क असं विचारतं, मी सगळी निवडली, क्लिपआर्ट परत आलं तर आलं.

वेळ. पुढच्या काळ्या यूएसबी पोर्टला लावली होती तर अंदाज ११ तास दाखवत होता. मागच्या निळ्या पोर्टला लावली, साडेचार तासात आटोपलं. आटोपलं म्हणजे मधे लाइट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी कधीचीच गेलेली, मशीन बंद, मी कपाळाला हात लावून बसलो. लाइट आल्यावर काळ्या खिडकीवालं फोटोरेक उघडलं तर म्हणतंय आधीचं काम अर्धवट आहे, पुढं चालू करू का. ते आपलं काम कुठवर आलं हे एका फाईलीत लिहून ठेवत असतं. या एका गोष्टीसाठी मी त्याला एक स्टार जास्त देतो, ज्यानं कुणी हे लिहिलंय त्याच्या गावातबी लाइट जात असणार.

आता निकाल. एकूण १ लाख ८० हजारच्या आसपास फायली, ५००-५०० चे ३६० फोल्डर, रेकप डिर १, २, ३ असे. आणि नावं? नावं नाहीत. एफ आणि पुढं आठ-नऊ आकडे, ही प्रत्येक फाईलची ओळख. ती डिस्कवर कुठल्या सेक्टरला सापडली तो नंबर असतो तो. 'पाटील_वास्तुशांती_फायनल_खरंच फायनल' ही माझी फाईल आता एफ दोन कोटी काहीतरी झाली. जेपीजी निम्म्याच्या वर, त्यात टी नं सुरू होणाऱ्या म्हणजे मोठ्या फोटोच्या आत दडलेले बारके थंबनेल, त्या सर्च करून एकदम डिलीट मारल्या. सीडीआर साधारण ९ हजार. एवढ्या पत्रिका मी केलेल्या नाहीत, पण कोरल प्रत्येक फाईलची बॅकअप ऑफ म्हणून दुसरी फाईल काढून ठेवतं, त्या पण आल्या, त्यामुळं निम्मा माल डबल.

काही कोरल फायली झिप म्हणून आल्या. कोरलच्या एक्स४ पासून पुढच्या व्हर्जनच्या सीडीआर आतून झिपच असतात, नाव बदलून सीडीआर केलं की कोरलमध्ये उघडतात. म्हणून वर झिप ठेवा म्हणलं. मला हे माहीत नसतं तर चांगल्या चारपाचशे फायली कचरा म्हणून फेकल्या असत्या.

काही फायली उघडल्याच नाहीत. फाईल डिस्कवर सलग एका जागी असेल तर फोटोरेक ती बरोबर उचलतं, तुकड्या तुकड्यानं चार ठिकाणी पडली असेल तर पहिला तुकडा घेतं आणि पुढं शेजारच्याचं शेत जोडून देतं. बारक्या पत्रिका बहुतेक चांगल्या आल्या, ४०-५० एमबीचे मोठे फ्लेक्स बरेचसे मोडके. भाच्याचे लग्नाचे व्हिडिओ होते ते तर निम्मे चालतच नाहीत. ज्यांचा मुख्य माल व्हिडिओ आहे त्यांनी फोटोरेकवर फार विसंबू नका.

मधे डीएमडीई नावाचं तिसरं हत्यार पण वापरून बघितलं. ते एमएफटीच्या उरलेल्या नोंदी शोधून नावासकट काढतं, आणि फुकटवाल्या आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० फायली काढू देतं, जे माझ्यासारख्याला भरपूर आहे. मला त्यातून अलीकडच्या फायली नावासकट मिळाल्या, ज्यांची पानं क्लिपआर्टच्या खाली गेली नव्हती त्या. त्यामुळं खरं सांगायचं तर क्रम असा पाहिजे होता की आधी टेस्टडिस्क, मग डीएमडीई, आणि दोन्हीतून जे राहील त्याला फोटोरेक. मी घाबरून उलटा गेलो. तुम्ही नुसता फॉरमॅट मारलाय आणि पुढं काही कॉपी केलेलं नाही तर डीएमडीईलाच बहुतेक सगळं मिळेल, फोटोरेकची पाळी येणार नाही.

दुकानात पण नेऊन दाखवली होती डिस्क, शहरातल्या एका रिकव्हरीवाल्याकडे, नाव घेत नाही. १४ हजार सांगितले, निम्मे आधी, माल नाही आला तरी परत नाही. काय प्रोग्रॅम वापरता विचारलं तर हसला. आता त्यांच्यावर सरसकट टीका पण नको, डिस्कमधून टिकटिक आवाज येत असेल, पडली असेल, पाण्यात गेली असेल तर घरी एकही प्रोग्रॅम चालवू नका, जेवढं चालवाल तेवढं वाचणारं हेड आतल्या चकतीला घासेल, ते काम त्यांचंच. पण डिस्क ठणठणीत आहे आणि आपणच बटण दाबून उडवलंय तर १४ हजार द्यायच्या आधी एक रात्र स्वतः बसून बघा. आणि ते जे प्रोग्रॅम असतात, स्कॅन फुकट, सगळ्या फायलींची यादी दाखवतात, सेव्ह म्हणलं की पैसे मागतात, त्यांची यादी बघून एक मात्र कळतं की माल जागेवर आहे. तेवढाच त्यांचा उपयोग मला झाला.

माझी जुनी फिरणारी हार्ड डिस्क होती म्हणून हे सगळं झालं. एसएसडीचा प्रकार वेगळा, त्यात फॉरमॅट किंवा डिलीट केलं की विंडोज ट्रिम नावाचा निरोप पाठवते आणि एसएसडी ती जागा आतून मोकळी करून टाकते, मग कितीही हिंडा, पीकच नाही तर लिहिणार काय. आणि क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट मारला असता तरी तेच, विंडोज विस्टापासून पुढं पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्य लिहितो. भाच्यानं क्विकची खूण तशीच ठेवली, कंटाळ्यापोटी ठेवली, पण ठेवली, त्याला त्याबद्दल एक मिसळ दिली.

मग सुरू झालं खरं काम. प्रोग्रॅमला साडेचार तास, मला पंधरा दिवस. कोरल इन्स्टॉल असलेल्या मशीनवर फोल्डर मोठ्या आयकॉनमध्ये उघडला की सीडीआरचं चित्र दिसतं, त्यावरनं ओळखायचं. पण लग्नपत्रिका सगळ्या सारख्याच दिसतात हो. वर गणपती, मधे दोन नावं, खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. लाल आणि पिवळा. आत लिहिलेलं सर्च करून शोधावं तर जुना मजकूर युनिकोडमध्ये नाही, जुन्या फॉन्टमध्ये, सर्चला तो नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. मग एकेक उघडायची, नाव वाचायचं, सेव्ह अॅज. बायको वाचायची आणि मी टाइप करायचो. ती मधेच थांबायची, "अगं बाई, ह्यांचं तर मोडलं की नंतर." असं करत करत पंधरा दिवसांत तीन हजार झाल्या. फोटोंचं सोपं गेलं, कॅमेऱ्याच्या फोटोत आत तारीख असते, एक्झिफटूल नावाच्या फुकटच्या प्रोग्रॅमला एकदा सांगितलं की तारखेवरून नावं देऊन वर्षाचे फोल्डर करून देतं, ते एका दुपारीत झालं. कोरलला असला काही इलाज मला सापडलेला नाही.

स्टार द्यायचे तर टेस्टडिस्कला पाच, माझ्या डिस्कवर चाललं नाही तरी पाच. फोटोरेकला चार, एक स्टार नावांचा कापला, जो कापणं खरं तर अन्याय आहे कारण नावं त्यानं नाही मी घालवली. डीएमडीईला चार, स्क्रीन बघून पहिल्यांदा काहीच समजत नाही म्हणून एक कमी. टेस्टडिस्क-फोटोरेकच्या साइटवर देणगी घेतात, १४ हजाराचा आकडा डोक्यात होता त्यामुळं थोडी पाठवली.

परवा एक गिऱ्हाईक आलं, जत्रा कमिटीचं, म्हणतंय मागच्या वर्षीचीच पत्रिका काढा, नुसती तारीख बदला. मागच्या वर्षीची डीएमडीईनं नावासकट दिली होती, दोन मिनिटात काढली. मग म्हणतंय, आमच्या म्हाताऱ्याच्या वेळची, २०१३ ची हाय का, त्यात मानकऱ्यांचा क्रम बरोबर होता. ती त्या एफवाल्या उरलेल्यांत असली तर असेल. रविवारी या म्हणून सांगितलंय.